बुलरिंगच्या चर्चमधली खिडकी : व्हिक्टोरियन काचचित्रं कशी बघावीत



बर्मिंगहॅमच्या बुलरिंगमध्ये खरेदीला गेला नाही असा मराठी माणूस मिडलंड्समध्ये शोधूनही सापडायचा नाही. सेल्फ्रिजेसची ती चंदेरी चकत्या लावलेली इमारत तुम्हाला माहीत आहे. तिच्या शेजारी, उतारावर, काळपट दगडाचं उंच मनोऱ्याचं एक चर्च आहे. सेंट मार्टिन्स. बाजाराच्या पिशव्या घेऊन आपण त्याच्या बाजूने शंभरदा गेलेलो असतो, पण आत किती जण गेलेत? आजचा भाग ऐकून झाल्यावर, म्हणजे संग्रहात वाचत असाल तर वाचून झाल्यावर, पुढच्या शनिवारी अर्धा तास काढून तुम्ही आत जावं, एवढाच आजचा हेतू.

आत काय आहे? एक खिडकी आहे. आणि त्या खिडकीच्या निमित्ताने या देशातल्या जवळजवळ प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत असलेल्या एका कलेची ओळख करून घेता येते. ती कला म्हणजे व्हिक्टोरियन काळातली रंगीत काचचित्रं, ज्यांना आपण सर्रास स्टेन्ड ग्लास म्हणतो.

आधी पॅरिश चर्च म्हणजे काय ते थोडक्यात. पॅरिश म्हणजे चर्चने आखलेली हद्द: एखादं गाव किंवा शहरातला एखादा भाग. त्या हद्दीचं जे चर्च, ते पॅरिश चर्च. आपल्याकडे गावाचं ग्रामदैवत असतं आणि बारसं, लग्न, जत्रा सगळं त्या देवळाभोवती फिरतं, तसंच काहीसं. सेंट मार्टिन्स हे बर्मिंगहॅमचं जुनं पॅरिश चर्च. या जागेवर मध्ययुगापासून चर्च आहे. आज आपण बघतो ती इमारत मात्र बरीचशी १८७०च्या दशकातली. जे. ए. चॅटविन नावाच्या स्थानिक वास्तुविशारदाने मनोरा राखून बाकी चर्च नव्याने बांधलं.

या चर्चच्या दक्षिण बाजूच्या दालनात, म्हणजे वेदीकडे तोंड करून उभं राहिलात तर उजव्या हाताला, ती खिडकी आहे. चित्र एडवर्ड बर्न-जोन्सचं, काम विल्यम मॉरिसच्या कंपनीचं. ती आज तिथे आहे यामागे एक गोष्ट आहे. १० एप्रिल १९४१ला जर्मन विमानांनी टाकलेला एक बॉम्ब चर्चलगत पडला आणि चर्चच्या बाकीच्या सगळ्या खिडक्या फुटल्या. ही एकच वाचली, कारण आदल्याच दिवशी ती उतरवून सुरक्षित ठिकाणी हलवली होती, असं सांगतात.

एका दिवसाचा फरक. हे लक्षात ठेवा, कारण काचचित्रांची गोष्ट शेवटी इथेच येते: ही चित्रं आपोआप टिकत नाहीत, कोणीतरी वेळेवर हात लावला म्हणून टिकतात.

आता मुळातून सुरू करू. काचचित्र म्हणजे काचेवर रंगवलेलं चित्र, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. निळा, लाल, हिरवा हे रंग काचेवर लावलेले नसतात, ते काचेतच असतात. काच वितळलेली असतानाच भट्टीत तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्टने गडद निळा येतो. लोखंडाने हिरवट छटा येतात. मॅंगनीजने जांभळा, तांब्याने हिरवा किंवा लाल आणि सोन्याने गुलाबी. लाल रंगाची तर वेगळीच गंमत आहे. तांब्याने लाल केलेली काच जाड असली तर तिच्यातून उजेडच येत नाही, ती काळी दिसते. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. म्हणजे ती भगभगीत लाल दिसणारी काच खरं तर बहुतांश बिनरंगी असते.

मग कारागिराने काय रंगवलं? चेहरे, बोटं, केस, कपड्यांच्या चुण्या. त्यासाठी काचेची पूड आणि लोखंडाचं किंवा तांब्याचं ऑक्साइड कालवून तपकिरी-काळा रंग करतात. तो कुंचल्याने लावायचा, काही ठिकाणी काडीने खरवडून उजेडाला वाट करून द्यायची आणि सहाशे ते सातशे अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजायचं. भाजलं की तो रंग काचेशी एकजीव होतो. याशिवाय एक पिवळा असतो, चांदीच्या संयुगाचा. तो काचेत मुरतो आणि लिंबापासून गडद केशरीपर्यंतच्या छटा देतो. संतांच्या डोक्यामागचं तेजोवलय, सोनेरी केस, मुकुट बहुधा याच रंगाचे. चौदाव्या शतकापासून हे तंत्र वापरात आहे आणि नीट बघितलं तर स्टेन्ड ग्लास हे नाव त्यालाच लागू पडतं, कारण खरोखर डाग पाडणारा रंग तेवढाच.

असे रंगीत तुकडे जोडायचे कशाने? शिशाने. इंग्रजी एच अक्षरासारखा छेद असलेली शिशाची पट्टी असते. तिच्या दोन्ही खाचांत दोन बाजूंचे काचेचे तुकडे बसतात, पट्ट्यांचे सांधे डाग देऊन जोडतात, फटींत पुट्टी भरतात. तयार झालेला भाग आडव्या लोखंडी गजांना तांब्याच्या तारेने बांधतात, म्हणजे वाऱ्याने फुगत नाही. लांबून बघताना ज्या काळ्या रेघा दिसतात त्या म्हणजे हेच शिसं. चांगला चित्रकार या रेघा लपवत नाही, त्यांनाच चित्राची रेघ बनवतो. वाईट कामात त्या एखाद्याच्या गालावरून आडव्या जातात. कोणतीही खिडकी चांगली की सुमार, हे ठरवायची ही पहिली कसोटी.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. जुनी काच खालच्या बाजूला जाड असते कारण काच शेकडो वर्षांत हळूहळू ओघळते, असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. पूर्वी काच फुंकून, मग फिरवून किंवा उलगडून सपाट करत. त्यामुळे तिची जाडी मुळातच सारखी नसायची, एवढंच.

थोडा विराम घेऊ, आणि मग बघू की हे सगळं व्हिक्टोरियन काळातच एवढं का बहरलं.

(संगीत)

मध्ययुगात इंग्लंडची चर्च रंगीत काचेने भरलेली होती. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत आणि सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात त्यातली बरीचशी फुटली किंवा फोडली गेली. अठराव्या शतकात पांढऱ्या काचेवर रंगांनी चित्र काढायची पद्धत आली. कॅनव्हासऐवजी काच, बाकी सगळं तेच. रंगीत काच बनवायची जुनी विद्या मागे पडली.

एकोणिसाव्या शतकात चक्र उलटं फिरलं. कारखान्यांमुळे शहरं वाढली, नवी चर्च हवी होती, जुन्यांची डागडुजी सुरू झाली आणि मध्ययुगीन गॉथिक शैलीचं वेड लागलं. त्यात १८४५मध्ये काचेवरचा उत्पादन कर रद्द झाला, १८५१मध्ये खिडक्यांवरचा करही गेला. व्यवस्थापन शिकलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल: मागणी वाढली, कच्चा माल स्वस्त झाला, आणि अडलं फक्त गुणवत्तेवर. नवी काच फार स्वच्छ, फार एकसारखी होती. तिच्यातून उजेड सरळ आरपार जायचा आणि रंग उथळ दिसायचे.

हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा कोणाचा, तर पेशाने वकील असलेल्या चार्ल्स विन्स्टनचा. फावल्या वेळात त्याने जुन्या काचांचा अभ्यास केला, १८४७मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि मग मध्ययुगीन काचेचं रासायनिक पृथक्करण करवून घेतलं. लंडनच्या पॉवेल यांच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याने त्यावरून नवी काच बनवली. थोडी जाडीभरडी, बुडबुडे असलेली. त्या बुडबुड्यांत आणि चढउतारांत उजेड अडखळतो, विखुरतो, आणि म्हणूनच रंग जिवंत दिसतो. दोष वाटणारी गोष्टच गुण निघाली.

या सगळ्यात आपलं बर्मिंगहॅम मागे नव्हतं. शेजारच्या स्मेथिकमधल्या चान्स ब्रदर्सने १८५१च्या क्रिस्टल पॅलेससाठी सुमारे तीन लाख तावदानं पुरवली. शहरातल्या जॉन हार्डमनच्या कंपनीने १८४५मध्ये, वास्तुविशारद प्युजिनच्या सांगण्यावरून, काचचित्रं करायला घेतली. वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंट इमारतीची काचही त्यांचीच.

आणि एडवर्ड बर्न-जोन्स तर इथलाच. १८३३मध्ये बेनेट्स हिलवर जन्मला. वडील चित्रांच्या चौकटी बनवायचे, आई त्याच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेली. ऑक्सफर्डला धर्मोपदेशक व्हायला गेला, तिथे विल्यम मॉरिस भेटला आणि दोघेही कलेकडे वळले. १८६१मध्ये मॉरिसने मित्रांना घेऊन कंपनी काढली. त्यांची कामाची वाटणी बघण्यासारखी होती. बर्न-जोन्स पूर्ण आकाराचं चित्र कागदावर काढायचा, बहुतेक वेळा रंगाशिवाय. कुठल्या तुकड्याला कुठली काच हे मॉरिस ठरवायचा. काच पॉवेलकडून यायची. कापणं, रंगवणं, भाजणं, जोडणं हे कारखान्यातल्या कारागिरांचं. म्हणजे खिडकीवर नाव एकाचं असलं तरी ती चार-पाच जणांच्या हातातून आलेली असते.

मॉरिसची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. १८७७मध्ये त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, कारण डागडुजीच्या नावाखाली मध्ययुगीन चर्चची मोडतोड चालली होती. त्यानंतर अशा जुन्या चर्चसाठी नव्या खिडक्यांची कामं घेणं त्याच्या कंपनीने नाकारलं. चालता धंदा, समोर आलेलं गिऱ्हाईक, आणि तत्त्वासाठी नाही म्हणायचं. आपल्यापैकी जे रोज क्लायंटला होकार देत जगतात त्यांना यातली किंमत कळेल.

सेंट मार्टिन्समधून बाहेर पडून न्यू स्ट्रीटच्या बाजूने वर चालत गेलात तर दहा-एक मिनिटांत सेंट फिलिप्स येतं. आज ते कॅथीड्रल आहे, पण १९०५पर्यंत तेही पॅरिश चर्चच होतं. इथेच बर्न-जोन्सचा बाप्तिस्मा झाला होता. मोठा चित्रकार झाल्यावर त्याने आपल्या या चर्चसाठी चार खिडक्या केल्या. पूर्वेला तीन: मध्ये १८८५ची येशूचं स्वर्गारोहण दाखवणारी, दोन्ही बाजूंना १८८७च्या जन्म आणि क्रूस. पश्चिमेला १८९७ची शेवटच्या न्यायाची. पुढच्याच वर्षी तो गेला.

या चार खिडक्या बघताना एक लक्षात घ्या. व्हिक्टोरियन चर्चमध्ये बहुधा छोट्या छोट्या चौकटींत, नक्षीदार कमानींखाली एकेक संत उभा असतो. इथे तसं नाही. संपूर्ण उंच खिडकी म्हणजे एकच दृश्य. वर आकाश, खाली माणसं. क्रूसाच्या खिडकीत सैनिकांचे लालभडक ध्वज असे उठतात की रक्त न दाखवताही काय चाललंय ते अंगावर येतं. धर्म कोणताही असो, ते दुःख समजायला बायबल वाचलेलं असावं लागत नाही.

या खिडक्याही युद्धात वाचल्या. बर्मिंगहॅम सिव्हिक सोसायटीच्या पुढाकाराने त्या काढून वेल्समधल्या खाणीत ठेवल्या होत्या. ७ नोव्हेंबर १९४०ला आगीच्या बॉम्बने चर्च आतून जळालं. १९४८मध्ये खिडक्या परत बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, आपला याच्याशी संबंध काय? एक अगदी घरगुती संबंध आहे. बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना, आणि तिची बहीण अ‍ॅलिस. या अ‍ॅलिसचा नवरा जॉन लॉकवूड किपलिंग १८६५मध्ये मुंबईला आला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवू लागला. क्रॉफर्ड मार्केटच्या दरवाजांवरची शिल्पं त्याचीच. त्यांचा मुलगा रुडयार्ड तिथेच जन्मला. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर बर्मिंगहॅमचा हा काचचित्रकार आणि जे. जे.चे मास्तर हे सख्खे साडू! इंग्रजीत दोघांनाही नुसतं ब्रदर-इन-लॉ म्हणतात, नेमका शब्द आपल्याकडेच आहे.

कामंही तिकडे पोचली. अंदमानात १८७२मध्ये मारल्या गेलेल्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या स्मरणार्थ कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये जी मोठी पश्चिम खिडकी बसली, ती बर्न-जोन्सची, १८८०ची. आणि कुलाब्याचं अफगाण चर्च तर मुंबईकरांना बसच्या स्टॉपमुळे माहीत असतं. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं, १८५८मध्ये सुरू झालेलं. त्याच्या मोठ्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सने केल्या. हा गृहस्थ आधी चहा आणि किराणा विकायचा! पुढच्या मुंबई फेरीत वेळ काढा. इथे एक खिडकी वाचायला शिकलात की तिथलीही वाचता येईल.

तर वाचायची कशी? वेळेपासून सुरुवात करा. बहुतेक जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते, म्हणून पूर्वेची खिडकी सकाळी बघावी, दक्षिणेची दुपारी, पश्चिमेची सूर्य कलताना. बाहेरून दिवसा काहीच दिसणार नाही, नुसतं राखाडी जाळं. ही कला आत आलेल्या माणसासाठीच केलेली आहे.

मग तळ बघा. तिथे बहुधा एक ओळ असते: अमक्याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने, मुलांनी दिली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, बाकावर, अगदी पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं, तेच हे. त्या ओळी एकामागून एक वाचत गेलात तर कारखानदार कोण होते, कोणाचं मूल लहानपणी गेलं, कोण परदेशी युद्धात मेलं, असा गावाचा इतिहासच हाती येतो. कोपऱ्यात कधी कारागिराची खूण सापडते. सोनेरी गव्हाची पेंढी दिसली तर समजा, चार्ल्स केम्पच्या कारखान्याचं काम.

त्यानंतर माणसं ओळखा. आपण मूर्ती ओळखतो ती हातातल्या आयुधावरून आणि वाहनावरून. इथेही तसंच. हातात किल्ल्या म्हणजे पीटर, तलवार म्हणजे पॉल, चाक म्हणजे कॅथरीन. सिंह मार्कचा, बैल ल्यूकचा, गरुड जॉनचा आणि पंख असलेला माणूस मॅथ्यूचा. मुलं बरोबर असतील तर त्यांना हा शोध लावून द्या, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

शेवटी चेहऱ्यांकडे बघा. एखादा चेहरा फिकट, जवळजवळ पुसलेला दिसेल. ते ऊन-पावसाचं काम नसतं. त्या काळात रंग कमी तापमानाला भाजता यावा म्हणून त्यात टाकणखार मिसळायला लागले होते. काम सोपं झालं, पण ओल लागून तो रंग काही वर्षांतच सुटू लागला. मोठमोठ्या कंपन्यांच्या, मॉरिसच्याही, खिडक्यांना याचा फटका बसला. वेळ वाचवायला घेतलेला जवळचा रस्ता पुढच्या पिढीला किती महाग पडतो, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि आता मुख्य मुद्दा. काच शेकडो वर्षं टिकते, पण शिसं नाही. उन्हात ताणून आणि थंडीत आकसून ते थकतं, चिरतं, खिडकीला पोट येतं, पुट्टी झडते. शिशाचं आयुष्य साधारण शंभर ते दीडशे वर्षांचं मानतात. १८७५ आणि दीडशे, बेरीज करून बघा. म्हणजे या देशातल्या हजारो व्हिक्टोरियन खिडक्या याच सुमारास दुरुस्तीला आल्या आहेत. दुरुस्ती म्हणजे खिडकी उतरवायची, प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवून जुनं शिसं सोडवायचं, नव्या शिशात सगळं परत बसवायचं. महिन्यांचं काम, निष्णात हात आणि भरपूर पैसा. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये असा बदल करायला चर्चच्या यंत्रणेची रीतसर परवानगीही लागते, ती फॅकल्टी म्हणून ओळखली जाते. सेंट फिलिप्सच्या खिडक्यांचं जतन अलीकडेच झालं, पण ते कॅथीड्रल आहे. लहान पॅरिश चर्चचा खर्च मात्र त्या चर्चला येणाऱ्या लोकांनाच उभा करावा लागतो, आणि कित्येक ठिकाणी रविवारी येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

इथे आपण येतो. आपल्यातल्या कित्येकांची मराठी शाळा, दिवाळीचा फराळ, गणपतीची आरती चर्चच्या हॉलमध्ये होते. हॉलचं भाडं भरून आपण मोकळे होतो. पुढच्या वेळी शेजारचं दार ढकलून आत जा. दारापाशी एखादे आजोबा किंवा आजी बसलेल्या असतील, त्यांना विचारा, इथली सगळ्यात जुनी खिडकी कुठली? ते स्वतः उठून दाखवतील. प्रार्थना चालू असेल तर थांबा. टोपी काढा, चपला राहू द्या, फ्लॅश वापरू नका आणि काचेला हात लावू नका, कारण सुटत आलेला रंग बोटाबरोबर निघतो. लांबच्या तुकड्यांसाठी दुर्बीण असेल तर उत्तम. निघताना पेटीत दोन-चार पौंड टाका. आणि एखादा तुकडा तडकलेला, खिडकीला पोट आलेलं दिसलं, तर तिथल्या चर्चवॉर्डनच्या कानावर घाला. रोज बघणाऱ्याच्या नजरेतून जे सुटतं, ते नव्याने बघणाऱ्याला चटकन दिसतं.

त्या एप्रिलमध्ये बुलरिंगच्या चर्चमध्ये ज्यांनी खिडकी उतरवली, ते कोणी मोठे चित्रकार नव्हते. हे आपलं आहे आणि आज करायला हवं, एवढं त्यांना वाटलं. गावात राहणाऱ्याला गाव आपलं वाटायला तेवढं पुरतं.

तुमच्या जवळच्या चर्चमध्ये काय सापडलं ते कार्यक्रमाला जरूर कळवा. फोटोपेक्षा तळाची ओळ लिहून पाठवलीत तर जास्त आवडेल. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.